सारखे गुण, वेगळी पदवी

इंग्लंडात आपल्या बारावीच्या जागी ए-लेव्हलची परीक्षा असते. तिच्यात तिन्ही विषयांत ‘बी’ श्रेणी मिळवून २००७ साली विद्यापीठात गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, याचा हिशेब तिथल्या उच्चशिक्षण अनुदान मंडळानं २०१४ मध्ये छापला. गोऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांना पहिला किंवा वरचा दुसरा वर्ग मिळाला होता. आशियाई वंशाच्या मुलांत हे प्रमाण ५६ टक्के होतं, कृष्णवर्णीय मुलांत ५३. प्रवेश घेताना मात्र सगळ्यांच्या गुणपत्रिकेवर तीच तीन अक्षरं होती.

तिथे दुसऱ्या वर्गाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात. ‘चांगली पदवी’ म्हणजे पहिला किंवा वरचा दुसरा वर्ग. खालचा दुसरा वर्ग घेऊन बाहेर पडलेल्याचं वरवर काही बिघडत नाही, पदवी ती पदवीच. पण बड्या कंपन्यांची भरती, संशोधनाच्या शिष्यवृत्त्या, शिक्षक होण्याचं प्रशिक्षण अशा प्रत्येक रांगेत तो निमूट मागे ढकलला जातो.

या तक्त्याचं मोल त्याच्या मांडणीत आहे. वंचित समाजातली मुलं उच्चशिक्षणात मागे पडतात म्हटलं की जगात कुठेही एक उत्तर तयार असतं: पाया कच्चा, घरची परिस्थिती, शाळा बरी नव्हती. हा तक्ता ते उत्तरच काढून घेतो, कारण त्यात पाया सारखा असलेली मुलंच शेजारी-शेजारी ठेवली आहेत. आणि हे एकाच वर्षी घडलं असंही नाही. ब्रिटनच्या शिक्षण खात्यासाठी ब्रोके आणि निकोल्स या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये आधीचे गुण, विषय, वय, लिंग, राहत्या भागातलं दारिद्र्य असं बरंच काही हिशेबात धरून पाहिलं होतं. दरी आखडली, पण मिटली नाही. २०१९ मध्ये विद्यापीठांच्या संघटनेनं आणि विद्यार्थी संघटनेनं मिळून अहवाल काढला, तेव्हा गोऱ्या आणि बिगरगोऱ्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या पदव्यांत १३ टक्के-अंकांचं अंतर होतं. निव्वळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं पाहिलं तर ते २० च्या वर जात होतं.

याहून चमत्कारिक गोष्ट शाळेच्या निकालांत दिसते. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत आज चिनी आणि भारतीय वंशाची मुलं गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या बरीच पुढे आहेत. एके काळी तळाशी असलेली बांगलादेशी मुलंही पुढे निघून गेली. कॅरिबियन वंशाची मुलं अजून मागे आहेत, हेही खरं. पण विद्यापीठात जाण्याचं प्रमाण पाहिलं तर मोठ्या वांशिक गटांत सर्वांत खाली गोरी मुलंच आहेत. टोनी सूएल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं २०२१ मध्ये याच आकड्यांवर बोट ठेवलं आणि व्यवस्था अल्पसंख्याकांविरुद्ध मुद्दाम रचलेली आहे असं आता म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. स्थलांतरित आई-बापांची जिद्द, अभ्यासाला महत्त्व देणारं घर, अशी कारणं त्यासाठी दिली गेली.

मला तोच युक्तिवाद उलटा फिरवावासा वाटतो. घरातली जिद्द सोळाव्या वर्षी मुलाला पुढे नेत असेल, तर एकविसाव्या वर्षी ती जिद्द कुठे आटते? आई-बाप तेच, घर तेच, मूल तेच. मधल्या काळात बदलली ती फक्त संस्था. म्हणजे जे काही घडतं ते विद्यापीठाच्या फाटकाच्या आत घडतं. कोणत्याही विद्यापीठाला न आवडणारा निष्कर्ष आहे हा, पण त्याला वळसा घालून जायला वाट नाही.

ही सगळी मोजदाद सरकारला आपण होऊन सुचली असं कुणी समजू नये. १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाहून आलेल्या तरुण शिक्षकानं एक छोटं पुस्तक लिहिलं. वेस्ट इंडीजहून आलेल्या मजुरांची मुलं लंडनमध्ये ‘शैक्षणिकदृष्ट्या कमी क्षमतेची’ म्हणून वेगळ्या शाळांत कशी भराभर ढकलली जातात, हे त्यानं त्यात दाखवलं. बुद्ध्यंक चाचणीचे प्रश्न इंग्रजी मध्यमवर्गीय घराच्या बोलीत, तपासणारा शिक्षक गोरा आणि पुस्तकातली चित्रंही गोऱ्यांची. अशा चाचणीत नापास झालेल्या मुलावर जन्माचा शिक्का बसे. लंडनमधल्या कॅरिबियन आई-बापांनी ते पुस्तक हातोहात नेलं, सभा घेतल्या, शनिवारच्या शाळा काढल्या. मग अल्पसंख्याक मुलांच्या शिक्षणावरचा १९८१ चा रॅम्प्टन अहवाल आला, १९८५ चा स्वान अहवाल आला, आणि वंशानुसार आकडे गोळा करणं हळूहळू अंगवळणी पडलं. (हेच कोर्ड पुढे ग्रेनेडाला परतले, १९८३ च्या रक्तरंजित सत्तापालटात सामील होते आणि २००९ पर्यंत तुरुंगात होते. पण राजकारणात माणसाचं काय झालं यावरून त्याच्या पुस्तकाचा खरेखोटेपणा ठरत नाही.)

आता फाटकाच्या आत नेमकं काय घडतं? पहिला संशय अर्थातच तपासणाऱ्यावर जातो. नाव वाचून गुण देत असतील, असं विद्यार्थ्यांना वाटलं. ‘माझं नाव नको, माझं लिखाण तपासा’ अशा आशयाची मोहीम त्यांच्या संघटनेनं चालवली आणि बऱ्याच विद्यापीठांत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक आला. पुढे एका विद्यापीठातले काही वर्षांचे गुण तपासून हिंटन आणि हिग्सन यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की नाव झाकल्यानं दरीत जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. चळवळीला हे उत्तर गैरसोयीचं होतं. पण त्यातून एवढं कळतं, की उत्तरपत्रिका टेबलावर येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

ते काय, हे एका शब्दात सांगता येत नाही. इंग्रजी विद्यापीठात व्याख्यानाइतकंच वजन चर्चावर्गाला असतं. प्राध्यापकाच्या खोलीवर जाऊन कच्चा निबंध दाखवणं, ‘हे असं लिहिलं तर चालेल का’ असं बिनधास्त विचारणं, मुदत वाढवून मागणं, या गोष्टी कुठल्याच नियमावलीत नसतात. ज्याच्या घरात दोन पिढ्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याला त्या जेवणाच्या टेबलावरच कळतात. ज्याला त्या कळलेल्या नसतात तो समजतो की मदत मागणं म्हणजे आपलं उणेपण उघडं करणं. त्यात अल्पसंख्याक विद्यार्थी अधिक करून घरी राहून, लांबून प्रवास करून शिकतात आणि संध्याकाळी कुठेतरी कामाला असतात. वर्ग सुटल्यावर कॉफीच्या टेबलावर परीक्षेबद्दल जे बोललं जातं ते त्यांच्या कानावर पडत नाही. शिवाय समोर उभा असलेला माणूस कोण? ब्रिटनच्या प्राध्यापकांत कृष्णवर्णीय १ टक्क्याच्या आसपास आहेत.

कोरोनाच्या दोन वर्षांत एक गंमत झाली. परीक्षा घरून झाल्या, पुस्तकं उघडी ठेवायला परवानगी मिळाली, आधीच्या सरासरीपेक्षा गुण खाली जाणार नाहीत अशी हमी अनेक विद्यापीठांनी दिली आणि दरी आखडली. नंतर जुनी पद्धत परत आली तशी ती पुन्हा रुंदावली. त्या काळात सगळ्यांचेच गुण वाढले होते, त्यामुळे आखडण्याचा काही भाग त्या खिरापतीमुळे होता, हे मान्य. तरीही परीक्षेचा नमुना बदलल्यावर जी दरी हलते ती मुलांच्या डोक्यात असते असं म्हणणं अवघड आहे.

या बाबतीत मला सर्वांत शहाणं वाटतं ते लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या किंग्स्टन विद्यापीठाचं काम. त्यांनी एक साधा गुणांक काढला. अमुक प्रवेशगुण आणि अमुक विषय असलेल्या मुलांपैकी देशभरात किती जणांना चांगली पदवी मिळते, ते पाहायचं. मग आपल्याकडे तशाच मुलांपैकी किती जणांना मिळाली, ते त्याच्याशी ताडायचं. गुणांक १ आला तर अपेक्षेइतकं. त्याखाली आला तर त्या अभ्यासक्रमात मुलांचं नुकसान होतं आहे. मग हा तक्ता कुलगुरूंच्या कपाटात न ठेवता थेट विभागात नेला आणि शिकवणाऱ्यासमोर ठेवला: तुमच्या या विषयात गोऱ्या मुलांचा गुणांक एवढा, इतरांचा एवढा, बोला. विद्यापीठात वंशभेद आहे का, या प्रश्नावर प्राध्यापक तासभर वाद घालू शकतात. आपल्याच विषयाच्या आकड्यापुढे मात्र त्यांना थांबून विचार करावा लागतो. तिथली दरी कमी झाली आणि पुढे इतर विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. उलट ज्या ठिकाणी नुसते ‘कृती आराखडे’ निघाले, विविधतेच्या कार्यशाळा झाल्या, भित्तिपत्रकांवर हसरे सावळे चेहरे आले, तिथे कागद वाढले. इंग्लंडच्या उच्चशिक्षण नियामक संस्थेनं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधली न उलगडणारी तफावत २०२४-२५ पर्यंत संपवायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. ते उद्दिष्ट चुकलं आहे.

पदवीचा वर्ग शिक्षक-प्रशिक्षणाच्या दाराशी काय करतो, ते फारसं बोललं जात नाही. २०१० मध्ये तिथल्या सरकारनं शिक्षणविषयक श्वेतपत्रिका काढली. शिक्षकी पेशाची पत वाढवायची म्हणून खालच्या दुसऱ्या वर्गापेक्षा कमी पदवी असलेल्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार उचलणार नाही, असं तीत ठरलं. २०१२ पासून गणित-भौतिकशास्त्रासारख्या विषयांत प्रशिक्षणार्थीला मिळणारं विद्यावेतन पदवीच्या वर्गावर बेतलं गेलं: पहिल्या वर्गाला २० हजार पौंड, वरच्या दुसऱ्याला १५ हजार, खालच्या दुसऱ्याला १२ हजार. ऐकायला हे निव्वळ गुणवत्तेचं धोरण वाटतं. पण सारखे प्रवेशगुण असूनही ज्या मुलाला विद्यापीठानं खालच्या वर्गात टाकलं त्याच्या खिशातून सरकारनं आणखी ३ ते ८ हजार पौंड काढून घेतले, असाही त्याचा अर्थ होतो. विद्यावेतनाची ही उतरंड नंतर सैल झाली. निवडीतलं पदवीचं वजन मात्र कायम आहे.

शैक्षणिक संशोधन करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेनं २०२२ मध्ये इंग्लंडच्या शिक्षकवर्गाची पाहणी केली. शिक्षक-प्रशिक्षणाला अर्ज करणाऱ्यांत अल्पसंख्याक लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त निघाले. निवड होणाऱ्यांत मात्र प्रमाण घसरतं, आणि पुढे नोकरी, टिकून राहणं, बढती अशा प्रत्येक पायरीवर गळती वाढते. ६० टक्के शाळांत एकही बिगरगोरा शिक्षक नव्हता. ८६ टक्के शाळांत वरिष्ठ पदांवर सगळे गोरेच होते. म्हणजे हे लोक या पेशाकडे वळतच नाहीत, ही लोकप्रिय समजूत खोटी आहे. ते येतात, त्यांना परत पाठवलं जातं.

बेरिल गिलरॉय या बाईंचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश गयानात त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाची पदविका पहिल्या वर्गात मिळवली, तिथे शिकवलं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला आल्या. साम्राज्यानं दिलेली पदविका साम्राज्याच्या राजधानीत चालेना. त्यांनी कॅफेत भांडी घासली, कारखान्यात कारकुनी केली, एका श्रीमंत बाईच्या घरी चाकरी केली. मग कुठे वर्गात उभं राहायला मिळालं. १९६९ मध्ये उत्तर लंडनमधल्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या काळी कृष्णवर्णीय मुख्याध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गिलरॉयबाईंच्या आठवणींचं पुस्तक १९७६ मध्ये निघालं. मला त्यात एकच प्रश्न दिसतो: एवढी वर्षं ज्या मुलांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांचं काय?

आता याला जोडून २०२३ ची गोष्ट. इंग्लंडात गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांची टंचाई आहे. तेव्हा तिथल्या शिक्षण खात्यानं भारत, नायजेरिया, घाना, जमैका, झिंबाब्वे अशा देशांतल्या प्रशिक्षित शिक्षकांना इंग्लंडची पात्रता मिळवायची सोय खुली केली. बी.एड. झालेल्या आणि इथे कायम नोकरीची वाट पाहून थकलेल्या मराठी मुलामुलींसाठी ही संधी आहे, आणि ती त्यांनी जरूर घ्यावी. पण ज्या देशानं आपल्याच कृष्णवर्णीय आणि आशियाई उमेदवारांना जास्त प्रमाणात परत पाठवलं, तोच देश त्यांच्या आजोबांच्या गावी शिक्षक शोधायला येतो, याची नोंद घ्यायला हवी.

मग वंचित समाजातले शिक्षक वाढवले की प्रश्न सुटला का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले पुरावे तशी आशा दाखवतात. प्राथमिकच्या पहिल्या वर्गांत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तरी कृष्णवर्णीय मुलांचं पुढे कॉलेजात जाण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं. पण भारतातला एक प्रयोग डोळ्यांत अंजन घालणारा आहे. रीमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांची एक बक्षीस परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या प्रतींवर जात, वय, लिंग चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटेल तसं लिहून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. ‘खालच्या’ जातीचं लेबल असलेल्या पेपरला किंचित कमी गुण पडले. आणि ते कमी गुण देणारे शिक्षक मुख्यतः स्वतः खालच्या मानलेल्या जातींतले होते. २०१२ मध्ये छापलेला हा निष्कर्ष काहींना टाळीसाठी वापरावासा वाटेल. मला त्यातून इतकंच कळतं, की तुच्छता वरून खाली झिरपते आणि ज्याच्यावर ती लादली जाते तो समाजही ती गिळतो. म्हणून शिक्षक कोणत्या समाजातून आला याइतकंच त्याला गुण देणं कसं शिकवलं हे महत्त्वाचं ठरतं.

हे दोन्ही मुद्दे महाराष्ट्राला नवे नाहीत. १८८२ च्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी गावच्या शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण असल्याची तक्रार केली होती. शेतकरी समाजात मिसळेल, वेळ पडली तर नांगर धरेल असा शिक्षक तयार करा आणि त्याला नीट पगार द्या, अशी त्यांची मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय काढलं, हायस्कूल १९४० मध्ये आणि कॉलेज १९४७ मध्ये. आधी शिक्षक, मग शाळा, मग कॉलेज. या क्रमाचा विसर आपल्याला पडला आहे.

आज आपल्याकडे प्रवेश मोजले जातात, आणि ते मोजलेच पाहिजेत, कारण आरक्षण हा हक्क आहे. पण पुढे काय? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला भरून द्यायच्या नमुन्यात राखीव जागा किती भरल्या, असा एक रकाना असतो. उत्तीर्णांची टक्केवारी किती, असा दुसरा रकाना असतो. हे दोन रकाने एकमेकांना कापतील असा तक्ता आपल्या कॉलेजांत चर्चेला येत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करणाऱ्या समितीनं २००७ मध्ये अहवाल दिला. प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत आपल्याला वेगळी वागणूक मिळते, ही दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची तक्रार त्यात नोंदवलेली आहे. समितीचे अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्याच अमरावतीकडचे. लेखी पेपरला बारकोड लागला म्हणून आपण निश्चिंत होतो. इंटर्नल, टर्मवर्क, प्रात्यक्षिक आणि तोंडी यांवर बारकोड नसतो.

बी.एड.च्या सराव पाठात हे फार जवळून दिसतं. नंदुरबारच्या धडगाव भागातली, घरी पावरी बोलणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. सातवीच्या वर्गावर तिचा प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आहे. टाचण व्यवस्थित, साहित्य स्वतः बनवलेलं, मुलं हात वर करताहेत. मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक वहीत पहिली ओळ लिहितात: ‘उच्चार सदोष. न-ण कडे लक्ष द्यावे.’ मुलांना पाठ कळला का, ही नोंद शेवटी, जागा उरली तर. गुण त्या पहिल्या ओळीवर पडतात. शिक्षक भरतीच्या चाचणीआधीच ती मुलगी मनातून खचलेली असते, आणि पावरी बोलणाऱ्या ज्या पोरांना ती हवी होती त्यांच्या वाट्याला प्रमाण मराठी बोलणारे आणि बदलीची वाट पाहणारे गुरुजी येतात.

यावर एक रास्त भीती व्यक्त होते. जातीनुसार निकाल मांडले, तर ‘बघा, यांची गुणवत्ताच नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती आपण कोलीत देऊ. तोच धोका ब्रिटनमध्येही होता. त्यावरचा उपाय सुरुवातीच्या त्या तक्त्यातच आहे: सारख्या प्रवेशगुणांची मुलंच एकमेकांशी ताडायची. आपल्याला हे अवघड नाही. अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतात. एकाच पर्सेंटाइलच्या टप्प्यातली खुल्या आणि राखीव प्रवर्गातली मुलं एकाच वर्गात बसलेली असतात. चार वर्षांनी त्यांच्या सीजीपीएत फरक पडला असेल, तर त्याचा जाब मुलांना विचारता येणार नाही, तो कॉलेजलाच द्यावा लागेल. आकडे लपवल्यानं टोमणे थांबलेले नाहीत, फक्त त्यांना उत्तर द्यायची सोय उरलेली नाही.

तेव्हा वाचकांपैकी जे कॉलेजात किंवा अध्यापक विद्यालयात शिकवत असतील त्यांना एक विनंती. कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या (आयक्यूएसी) पुढच्या बैठकीत एका पानाचा तक्ता मागा: विषयवार, प्रवर्गवार, सारख्या प्रवेशगुणांच्या मुलांचा अंतिम निकाल, आणि त्यात लेखी व अंतर्गत गुण वेगवेगळे. नावं नकोत. माहिती कार्यालयातच आहे, प्रवेश अर्जात आणि निकालपत्रकात. दोन्ही एकत्र करायला एका लिपिकाला फार तर आठवडा लागेल.